सळई उघडी असेपर्यंत

गंजलेल्या आरसीसीच्या दुरुस्तीत जो भाग खरा महत्त्वाचा असतो तो काम संपल्यावर कोणालाच दिसत नाही. दिसतो तो गिलावा आणि त्यावरचा रंग. सळईवरचा गंज पुरता निघाला होता का, तिच्या मागचे काँक्रीट मोकळे केले होते का, नवा माल किती जाडीचा भरला, हे सगळे एकदा झाकले गेले की त्याबद्दल उरते ती ठेकेदाराच्या बिलातली एक ओळ. आमच्या संस्थेच्या दोन इमारतींची अशी दुरुस्ती झाली तेव्हा मी सचिव होते. माझी सारी नोकरी लेखापरीक्षणात गेली आहे; त्यामुळे अभियांत्रिकीतले फारसे कळत नसले तरी, जे झाकले जाणार आहे त्याची नोंद झाकण्यापूर्वीच व्हावी लागते, एवढे मला पक्के ठाऊक होते. त्या नोंदवह्या समोर ठेवूनच हे लिहीत आहे.

आमची संस्था कोथरूडला, पौड रस्त्याच्या आतल्या बाजूस आहे. खाली पार्किंग आणि वर अकरा मजले अशा दोन इमारती, ताबा १९९४ सालचा. कॉलमच्या कडेला सळईच्या रेषेत गेलेली उभी चीर, छज्ज्यांच्या पोटाला सुटलेले पोपडे, गच्चीवरच्या टाकीखालच्या स्लॅबवर उमटलेले तांबूस डाग, ही लक्षणे पुष्कळ वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. दर रंगकामाच्या वेळी रंगारी त्या चिरा पांढऱ्या सिमेंटने नाहीतर पुट्टीने बुजवीत आणि पुढच्या रंगकामापर्यंत विषय मिटत असे. एका पावसाळ्यात सहाव्या मजल्यावरच्या छज्ज्याचा हातभर तुकडा खाली बागेच्या आळ्यात पडला. सुदैवाने तेथे कोणी नव्हते. त्यानंतर मात्र रंगाची निविदा बाजूला ठेवून संरचनात्मक परीक्षणाचा विषय सभेपुढे आला.

वास्तविक हा विषय सभेपुढे येण्यासाठी तुकडा पडण्याची गरज नव्हती. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतच ही तरतूद आहे: इमारतीचे वय पंधरा ते तीस वर्षांच्या दरम्यान असेल तर दर पाच वर्षांनी, आणि तीस वर्षांवर गेले की दर तीन वर्षांनी परीक्षण करून घ्यावे लागते. आमच्या दप्तरात असा एक जुना अहवाल होताही. तो दोन पानांचा होता आणि इमारतीची अवस्था समाधानकारक असल्याच्या दाखल्यापलीकडे त्यात एकही आकडा नव्हता. या वेळी सल्लागार अभियंते निवडताना आम्ही एक गोष्ट आग्रहाने ठरवली. त्यांचे शुल्क बिलाच्या टक्केवारीवर न ठेवता भेटींवर आणि अहवालांवर ठेवले. दुरुस्तीचे प्रमाण वाढले की ज्याचे शुल्क वाढते, त्यालाच ते प्रमाण तपासायला सांगणे मला हिशेबाच्या दृष्टीने पटत नव्हते.

तपासणीतला सर्वांत बोलका भाग म्हणजे कोअरची चाचणी. पार्किंगमधल्या एका कॉलममधून हिऱ्याच्या धारेच्या नळीने काँक्रीटचा एक दंडगोल काढला आणि त्याच्या ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फथॅलिनचे द्रावण फवारले. क्षणात गाभा गडद गुलाबी झाला. बाहेरच्या बाजूचा पट्टा मात्र होता तसा करडाच राहिला. अभियंत्यांनी पट्टी लावली तेव्हा तो करडा पट्टा बत्तीस मिलिमीटर भरला. त्याच कॉलमवर कव्हरमीटर फिरवला असता सळईवरचे काँक्रीटचे आवरण वीस ते पंचवीस मिलिमीटर असल्याचे दिसले होते. कॉलमला हे आवरण चाळीस मिलिमीटर असायला हवे. म्हणजे सळई त्या करड्या पट्ट्यात पडली होती, आणि पुढचे सारे प्रकरण त्या दोन आकड्यांत होते.

गुलाबी आणि करडे यांतला फरक असा. सिमेंटमुळे नव्या काँक्रीटचे अंतरंग अतिशय अल्कधर्मी असते. त्याचा सामू (पीएच) साडेबारा ते तेराच्या आसपास असतो. त्या अवस्थेत पोलादावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर टिकून राहतो आणि तो असेपर्यंत गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरत राहतो, आतल्या चुन्याशी त्याचा संयोग होतो आणि सामू नऊच्या खाली येतो. तेथे पोलादावरचा तो थर टिकत नाही आणि फिनॉल्फथॅलिनही गुलाबी होत नाही. वायूचे हे शिरणे साधारणपणे वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. पहिल्या सात वर्षांत जितकी खोली गाठली जाते तिच्या दुप्पट खोली गाठायला अठ्ठावीस वर्षे लागतात. आवरण निम्मे सोडले तर इमारतीचे आयुष्य निम्मे न होता चौथ्या हिश्श्यावर का येते, याचे उत्तर या वर्गमुळात आहे. थर नाहीसा झाल्यावर ओल आणि प्राणवायू मिळाला की सळई गंजू लागते, आणि गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या दोन ते सहा पट असल्यामुळे तो काँक्रीटला आतून फोडतो. पुण्यात समुद्र नाही म्हणून गंज नाही, असे आमचे कित्येक सभासद ठामपणे सांगत. परंतु आमच्याकडे वर्षाचे आठ महिने काँक्रीट बाहेरून कोरडे राहते, तेव्हा वायू सहज आत जातो, आणि उरलेले चार महिने नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊस त्याच भिंती भिजवीत राहतो. पश्चिमेकडचे छज्जे आणि कॉलम पूर्वेकडच्यांपेक्षा कितीतरी खराब निघाले, ते यामुळेच. त्यात आमची सळई त्या काळातली, थंड अवस्थेत पीळ दिलेली टॉर सळई. अभियंत्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती पुढे आलेल्या टीएमटी जातीच्या सळईपेक्षा लवकर गंज धरते.

बाकीच्या चाचण्यांविषयी थोडक्यात सांगते. ध्वनिलहरींच्या चाचणीत सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर वेग मिळाला तर काँक्रीट चांगले, तीन ते साडेतीन मध्यम आणि तीनच्या खाली शंकास्पद मानतात. आमचे वरचे मजले बहुतेक मध्यमात बसले आणि कॉलमच्या तळाचे, ज्याला गवंडी स्टार्टर म्हणतात ते, भाग पुष्कळ ठिकाणी शंकास्पद निघाले. स्टार्टर हा वीतभर उंचीचा तुकडा असतो आणि तो बहुधा हाताने कालवलेल्या मालाने घाईघाईत भरला जातो. सळईतला गंज विजेच्या दाबावरून ओळखणाऱ्या अर्धकोश विभवाच्या (हाफ-सेल) चाचणीत तांबे-मोरचूदाच्या विद्युतअग्राच्या तुलनेत वाचन उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक उणे आले तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक धरतात. या चाचणीने आमच्यासमोर एक कोडे ठेवले. दोन्ही इमारतींच्या पार्किंगमध्ये सर्वांत वाईट वाचने पश्चिमेच्या पावसाळी बाजूस अपेक्षित होती. दुसऱ्या इमारतीत ती मागच्या कोपऱ्यातल्या चार कॉलमांच्या पायथ्याशी आली. तेथे ना पाऊस पोहोचत होता ना ऊन.

त्या कॉलमांच्या काँक्रीटची पूड काढून क्लोराइडसाठी, म्हणजे मिठातल्या ज्या घटकामुळे सळई गंजते त्यासाठी, तपासली. आयएस ४५६ या मानकानुसार आरसीसीमध्ये दर घनमीटरला ०.६ किलोच्या वर क्लोराइड असू नये. आमचे आकडे त्याच्या पुष्कळ वर होते. समुद्रापासून शंभरएक किलोमीटर दूर असलेल्या पार्किंगमध्ये मीठ आले कोठून, यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी अभियंत्यांनीच कोपऱ्यातल्या सॉफ्टनरकडे बोट दाखवले. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे, म्हणून ते मृदू करणारे यंत्र बसवलेले आहे आणि त्यातली रेझीन ताजी करण्यासाठी नियमितपणे मिठाचे द्रावण सोडावे लागते. ते धुऊन निघालेले खारे पाणी गटारापर्यंत नेणारी नळी मधेच तुटलेली होती, त्यामुळे ते पाणी फरशीवरून पसरत नेमके त्या चार कॉलमांच्या पायथ्याशी मुरत होते. पोत्यांनी मीठ विकत आणून आम्ही ते इमारतीच्या पायांना घालत होतो! ज्या ज्या संस्थेत बोअर आणि सॉफ्टनर आहे, तेथील पदाधिकाऱ्यांनी हे सांडपाणी कोठे जाते ते एकदा खाली वाकून पाहावे.

अहवाल आल्यानंतरची विशेष सर्वसाधारण सभा लांबली. पुनर्विकासाचा विषय निघणे साहजिकच होते, कारण आमच्या भोवतीच्या चार-चार मजल्यांच्या संस्था एकामागून एक पाडल्या जात आहेत. पण त्या इमारतींत न वापरलेले चटईक्षेत्र शिल्लक असते. अकरा मजल्यांच्या इमारतीत ते बहुतेक वापरलेले असते आणि विकसकाला देण्यासारखे फारसे उरत नाही, हे हिशेब मांडून दाखवल्यावर तो विषय मागे पडला. एका तरुण सभासदाने अमेरिकेतील फ्लोरिडामधील सर्फसाइड येथील इमारतीची माहिती मांडली. १९८१ साली बांधलेली ती बारा मजली इमारत २४ जून २०२१ रोजी कोसळली आणि ९८ माणसे गेली. तेथेही २०१८ सालच्या अभियंत्याच्या अहवालात जलरोधनातील दोष आणि काँक्रीटची हानी नोंदलेली होती आणि सभासदांमध्ये खर्चाबद्दल वाद चालू होते. आमची इमारत समुद्रकाठी नाही आणि तितकी वाईटही नव्हती, तेव्हा भीती घालण्यासाठी हे उदाहरण वापरू नये असे मी सभेत म्हटले. तरी त्यानंतर ‘आणखी एक वर्ष थांबू’ असे कोणी म्हणाले नाही, हेही खरे.

पैशाचा प्रश्न त्याहून अवघड होता. उपविधींनुसार निक्षेप निधीसाठी (सिंकिंग फंड) सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधीसाठी किमान ०.७५ टक्के वर्गणी गोळा करायची असते. आम्ही ती नियमाने केली होती. परंतु तो बांधकाम खर्च १९९४ सालचा! त्या आकड्याच्या पाव टक्क्याने साठलेला निधी आजच्या दराने एका बाजूची परांचीही उभारू शकला नसता. उरलेली रक्कम सभासदांकडून घ्यायची, तर समान की क्षेत्रफळाप्रमाणे, यावर मतभेद झाले. उपविधी या वर्गण्या प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाशी जोडतात आणि तो खर्च क्षेत्रफळाप्रमाणे बदलतो, या आधारावर आम्ही क्षेत्रफळाची बाजू घेतली आणि ठराव मंजूर झाला. बिलावर अठरा टक्के जीएसटी लागतो, हे पुष्कळांच्या अंदाजपत्रकात शेवटपर्यंत नसते. आमच्या पहिल्या तक्त्यात तो वेगळ्या रकान्यात दाखवला होता, म्हणून नंतरची कुरबुर टळली.

निविदा आम्ही एकरकमी न काढता दरपत्रकावर काढली. आत किती सळई गंजली आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही. अशा कामाची एकरकमी किंमत सांगणारा ठेकेदार एकतर भरमसाट वाढवून सांगतो किंवा कमी सांगून कमी फोडतो. पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) चौरस फुटाला अमुक जाडीपर्यंत, मायक्रोकाँक्रीट (बारीक, ओतता येणारे काँक्रीट) घनमीटरला, नवी सळई किलोला, शिअर कनेक्टर (जुने आणि नवे काँक्रीट बांधून ठेवणारे सळईचे तुकडे) नगाला, असे प्रत्येक बाबीचे दर ठरले आणि कामाची प्रमाणे केवळ अंदाजाची धरली. ब्रेकर दुपारी एक ते चार बंद ठेवण्याची अटही निविदेतच घातली होती. पुण्यात ती न घालता काम सुरू करणे शक्य नव्हते.

दिवाळी झाल्यावर परांची चढली. वरच्या मजल्यांसाठी झुला वापरला तर स्वस्त पडेल असा ठेकेदाराचा आग्रह होता. रंगासाठी झुला ठीक आहे, पण फोडण्यासाठी कामगाराला पाय रोवून उभे राहावे लागते, असे सांगून अभियंत्यांनी जमिनीपासून गच्चीपर्यंत लोखंडी कपलॉकची परांची घ्यायला लावली. हिरवी जाळी, प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि स्वतंत्र सुरक्षादोर, कामगारांचा विमा, या अटी कागदावर सगळीकडेच असतात. आमच्याकडे पट्टा न लावता चढलेल्या माणसाला मुकादमाने त्या दिवशी खाली बसवायचे आणि त्याची हजेरी कापायची नाही, असा नियम केला. हजेरी कापली की माणूस पट्टा लावण्याऐवजी नजर चुकवू लागतो.

फोडण्यापूर्वी प्रत्येक कॉलम, बीम आणि छज्जा छोट्या हातोडीने ठोकून पाहतात. धड काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले बद्द वाजते. बद्द भागाभोवती खडूने रेघ ओढायची, आणि मग त्या रेघेवर कटरने साधारण सेंटिमीटरभर खोल सरळ खाच घ्यायची, म्हणजे नव्या मालाची कड पातळ होत जात नाही आणि पुढे उचलली जात नाही. हे ठोकणे मी जवळून पाहिले आणि काही दिवसांनी माझ्याही कानाला फरक कळू लागला.

खरे काम त्यानंतरचे. सळईचा फक्त दर्शनी भाग उघडा करून, तारेच्या ब्रशने घासून, त्यावर लाल-करडे काहीतरी फासून झाकून टाकणे, ही या धंद्यातली सर्रास पद्धत आहे. गंज सळईच्या मागच्या बाजूलाही असतो आणि तिकडचे काँक्रीटही सामू गमावून बसलेले असते, म्हणून सळईच्या मागे बोट फिरेल इतकी, सुमारे वीस-पंचवीस मिलिमीटर, जागा मोकळी करावी लागते. आणि लांबीत गंज संपून स्वच्छ पोलाद लागल्यानंतरही थोडे पुढे जावे लागते. आमच्या अभियंत्यांनी ते पाच सेंटिमीटर ठरवून दिले होते. सातव्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या कॉलमचे आवरण उतरवले तेव्हा मुकादमाने मला हाक मारली. तो लातूरकडचा, बोलणे मोजके. म्हणाला, “काकू, ही रिंग बघा, हाताला येतीया.” त्याने दोन बोटांनी ओढताच आठ मिलिमीटरची रिंग, म्हणजे उभ्या सळयांभोवतीचे आडवे कडे, कोपऱ्यावर तुटून हातात आली, आत पोलादाची काडी आणि बाकी पानापानांचा गंज. त्याच कॉलमची सोळा मिलिमीटरची उभी सळई घासून व्हर्नियरने मोजली तर चौदा भरली. दोनच मिलिमीटर गेले असे वाटते, पण छेदाचे क्षेत्रफळ त्यात जवळपास चौथ्या हिश्श्याने घटते. वीस टक्क्यांहून अधिक घट असेल तेथे शेजारी नवी सळई द्यायची, असे ठरले होते, त्यामुळे त्या कॉलमला नव्या सळया आणि नव्या रिंगा पडल्या.

येथे आमचा एकच नियम होता आणि तो करारात लिहिलेला होता: उघडी केलेली सळई अभियंत्यांच्या माणसाने आणि संस्थेच्या एका प्रतिनिधीने पाहून वहीत सही केल्याशिवाय तिच्यावर लेप चढवायचा नाही, चढवला तर तेवढे काम बिलात धरायचे नाही. पार्किंगपासून अकराव्या मजल्यापर्यंत प्रत्येक कॉलमला क्रमांक दिला होता. खाचेची खोली पोलादी पट्टीने चार-पाच ठिकाणी मोजायची, आकडे खडूने काँक्रीटवरच लिहायचे आणि क्रमांकासह छायाचित्र काढायचे. जाडीवर दर असलेल्या कामात वाद नेमका याच मोजमापावर होतो आणि माल भरल्यावर तो सोडवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. ठेकेदाराच्या पर्यवेक्षकाला सुरुवातीला हा अविश्वास वाटला. पहिले बिल कोणतीही घासाघीस न होता पास झाले तेव्हा त्याचाच सूर बदलला, कारण त्याच्याही मोजमापाला आता पुरावा होता. प्रमाण अंदाजापेक्षा पुष्कळ वाढले, तरी सभासदांपुढे प्रत्येक वाढीव फुटाचे छायाचित्र ठेवता आले.

मालाचीही अशीच नोंद ठेवली. पॉलिमर मॉर्टरमध्ये पन्नास किलो सिमेंटला साडेसात ते दहा किलो पॉलिमर पडते. ते सर्वांत महाग, आणि पांढरट पाण्यासारखे दिसत असल्याने त्यात पाणी वाढवणे सर्वांत सोपे. आलेला प्रत्येक सीलबंद कॅन नोंदवून घ्यायचा, रिकामा झाला की त्याला भोक पाडून गच्चीवरच्या खोलीत ठेवायचा, आणि आठवड्याअखेर रिकाम्या कॅनांचा भरलेल्या क्षेत्रफळाशी ताळा घालायचा. या कॅनांना भंगारवाल्याकडे किंमत येते, म्हणून भोक पाडण्यावर थोडी नाराजी झाली. नोकरीत व्हाउचरावर रद्दचा शिक्का मारतात त्यातलाच हा प्रकार होता.

स्वच्छ केलेल्या सळईला जस्तयुक्त लेप, तो सुकल्यावर जुन्या काँक्रीटवर नवा माल धरून ठेवणारा जोडलेप, आणि जोडलेप ओलसर-चिकट असतानाच दहा-बारा मिलिमीटरच्या थरांत मॉर्टर, असा क्रम असतो. यातला जोडलेप फार हट्टी. नवव्या मजल्यावर जेवणाच्या सुट्टीआधी लेप मारून ठेवला गेला आणि सुट्टीनंतर पाहिले तर उन्हाने त्यावर चकचकीत साय धरली होती. गवंड्याचे म्हणणे, एवढ्याने काय होते. अभियंत्यांनी तो भाग पुन्हा खरवडून काढायला लावला, कारण सुकलेला जोडलेप जोडत नाही, उलट दोन थरांमध्ये वेगळा पडदा धरतो. त्या दिवसापासून भरता येईल तेवढ्याच जागेला लेप, असे ठरले.

पार्किंगमधल्या कॉलमांना मॉर्टर पुरणारे नव्हते. त्यांना चारही बाजूंनी जॅकेट, म्हणजे भोवती मायक्रोकाँक्रीटचे नवे कवच, करायचे होते. एकाच वेळी शेजारचे दोन कॉलम फोडायचे नाहीत आणि फोडण्यापूर्वी आजूबाजूच्या बीमांना लोखंडी जॅकचा टेकू द्यायचा, ही दोन पथ्ये कोणत्याही घाईत मोडू दिली नाहीत. मोटारी बाहेर रस्त्यावर लावाव्या लागल्या आणि त्याबद्दल मला जितके बोलणे खावे लागले तितके वर्गणीबद्दलही खावे लागले नव्हते. मायक्रोकाँक्रीट इतके पातळ असते की शटरिंगच्या बारीक फटीतूनही वाहून जाते. फटी बुजवून, पिशवीवर लिहिलेल्या मापानेच पाणी घालून, एकाच बाजूच्या तोंडातून ते न थांबता ओतायचे. व्हायब्रेटर लावायचा नाही. पाणी मोजण्यासाठी खुणेची बादली ठेवली होती आणि ओतण्याच्या दिवशी मी तिच्या शेजारीच खुर्ची टाकून बसत असे. त्यानंतर गोणपाट गुंडाळून किमान सात दिवस ओलावा. या कामासाठी बोअरचे पाणी न वापरता महापालिकेचेच पाणी वापरले.

सॉफ्टनरच्या कोपऱ्यातले चार कॉलम निराळे होते. क्लोराइड गाभ्यापर्यंत गेलेले असते आणि ते सगळे काही फोडून काढता येत नाही. अशा ठिकाणी एक चमत्कारिक गोष्ट घडते. पूर्वी जो भाग गंजत होता तो शेजारच्या सळईला एका अर्थाने वाचवीत होता. नव्या अल्कधर्मी मालाने तो भाग सुरक्षित झाला की गंजण्याची पाळी शेजारच्या भागावर येते आणि ठिगळाच्या कडेला पुन्हा तडा जातो. त्यावर उपाय म्हणून सळईला जस्ताचे छोटे बळी-अ‍ॅनोड बांधतात. पोलादाऐवजी जस्त झिजते. ते महाग असल्याने सगळीकडे बसवावेत ही ठेकेदाराची सूचना अभियंत्यांनी नाकारली. वरच्या मजल्यांवर क्लोराइड नव्हते, तेथे पुरेसे फोडणे आणि पुरेशी जाडी एवढे पुरेसे होते. अ‍ॅनोड फक्त त्या चार कॉलमांत बसले.

बाहेरची दुरुस्ती चालू असतानाच आतल्या पाण्याचा बंदोबस्त करावा लागला आणि मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात सर्वांत कटकटीचे काम हेच होते. न्हाणीघराचा बुडवलेला स्लॅब वर्षानुवर्षे ओला राहतो आणि खालच्या बीमची सळई गंजवतो. वरच्या माणसाच्या घरात मात्र सर्व कोरडे ठणठणीत असते. स्वतःच्या न्हाणीघरातील गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची, असे उपविधी सांगतात. नव्याने बसवलेली फरशी फोडायला कोण तयार होणार? एका घरी नहाणी ट्रॅप बंद करून आणि रंगीत पाणी साठवून दुसऱ्या दिवशी तोच रंग खालच्या छताला दाखवावा लागला, तेव्हा कोठे संमती मिळाली. दोन सदस्यांनी अखेरपर्यंत दार उघडले नाही. त्यांच्या खालच्या बीमांची दुरुस्ती आम्ही मुद्दाम केली नाही आणि तसे लेखी कळवले. पाणी चालू असताना केलेली दुरुस्ती म्हणजे खर्चाची नुसती नोंद.

शेवटी सबंध बाहेरून कार्बन डायऑक्साइडला अटकाव करणारा अ‍ॅक्रिलिक लेप दिला. रंगछटेवर सभेत झालेली चर्चा दुरुस्तीवरच्या चर्चेपेक्षा लांबली, ती येथे देत नाही. करारानुसार बिलाच्या पाच टक्के रक्कम दोषदायित्वाच्या मुदतीसाठी (ज्या काळात निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करायचे) राखून ठेवली होती. पहिला पावसाळा सरल्यावर, परांची नसल्यामुळे जेथे हात पोहोचेल तेथे खिडक्या-बाल्कन्यांतून आणि बाकी ठिकाणी झुल्यावरून, दुरुस्त केलेल्या जागा पुन्हा ठोकून पाहिल्या. दोन छज्जे कडेला बद्द वाजले. दोन्हींच्या नोंदी काढून पाहिल्या तर सळईची छायाचित्रे होती, सह्या होत्या, पण मॉर्टरच्या दुसऱ्या थराच्या दिवशी कामगार बदललेले दिसत होते. ठेकेदाराने वाद न घालता ते छज्जे स्वखर्चाने पुन्हा केले.

सॉफ्टनरची सांडपाण्याची नळी आता पीव्हीसीच्या पाइपातून थेट चेंबरमध्ये सोडली आहे. अ‍ॅनोड बसवलेल्या कॉलमांवर अर्धकोश वाचन दिशाभूल करणारे येते, म्हणून त्यांच्या रांगेतल्या पुढच्या तीन कॉलमांवर वाचनाच्या जागा रंगाने खुणावून नकाशावर उतरवल्या आहेत. त्यांतल्या एका कॉलमचे वाचन अजून उणे ३०० च्या आसपास घुटमळते आहे. दर हिवाळ्यात त्याच खुणांवर मोजायचे, असा ठराव करून वह्या आणि छायाचित्रे नव्या सचिवांच्या स्वाधीन केली आहेत.